बंद पडलेले गेम-विश्लेषण पुन्हा लिहायला घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते २०११ ते २०१७ या काळात व्हिडिओ गेम्सवर विश्लेषणात्मक लेख लिहीत असत आणि त्यांचे चाळीसेक लेख झाले होते. पुढे नोकरी बदलली, घरात लहान मूल आले आणि लिहिणे सुटले. आता रात्री मूल झोपल्यावर तासभर मिळू लागला आहे. गेल्या तीन महिन्यांत त्यांनी दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा नुकताच आलेला मोठा गेम निवडला, आणि दोन्ही वेळा गेम अर्धवट राहिला व लेखाचे एक पानही झाले नाही. 'माझी पाहण्याची सवय गेली आहे, की सगळे यूट्यूबवर सांगून झाले आहे?' असे त्यांनी विचारले आहे. जुन्या लेखांचे काय करावे, हा त्यांचा आणखी एक प्रश्न आहे.

मी सुमारे अठरा वर्षे गेम्सवर मराठीत लिहितो आहे, पण त्यात मधली सहा वर्षे कोरी आहेत. त्यामुळे हे उत्तर काही अंशी अनुभवाचे आणि काही अंशी पश्चात्तापाचे आहे, असे समजावे.

तुमची सवय गेली आहे असे मला वाटत नाही. तुम्ही परीक्षण आणि विश्लेषण या दोन कामांची गल्लत करीत आहात, आणि पूर्वी रिकामा वेळ मुबलक असल्यामुळे ती गल्लत खपून जात होती. परीक्षण लिहिणाऱ्याला गेम शेवटपर्यंत खेळावाच लागतो, कारण वाचकाने त्यावर पैसे घालावेत की नाही, हे त्याला सांगायचे असते. विश्लेषण करणारा 'इथे मला असे का वाटले' या एकाच प्रश्नामागे असतो, आणि तो प्रश्न एका खोलीत, एका उडीत, कधी मेनूच्या एका पडद्यावरही सापडतो. रोज एक तास खेळले, तर साठ तासांचा गेम संपायला दोन महिने लागतात. तोवर पहिल्या दिवशी काय खटकले होते ते विसरलेले असते, आणि लेखाच्या नावाखाली आपण कथानकाचा गोषवारा लिहू लागतो. मग तोही कंटाळवाणा वाटून सोडून देतो.

खंडानंतर मी नेमके हेच केले होते. अवाढव्य नकाशा असलेला एक गेम घेतला, त्यात नव्वद तास घातले आणि दोन वह्या भरल्या. नंतर वह्या उघडल्या, तर पानोपानी 'सुंदर', 'कंटाळवाणे', 'पुन्हा तेच', 'संगीत छान' असे शेरे होते. त्यातून एक परिच्छेदसुद्धा निघाला नाही. शेऱ्यातून लेख होत नाही. काय केले, काय होईल असे वाटले आणि प्रत्यक्षात काय झाले, या तीन गोष्टी एकत्र लिहिलेल्या असल्या, तरच पुढे काही हाती लागते.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुम्हाला यातून उत्पन्न हवे असेल, तर नव्या गेम्सच्या मागे धावण्यावाचून गत्यंतर नाही आणि पुढचा बराचसा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही. पण प्रश्नात तुम्ही 'छंद' हा शब्द वापरला आहे, म्हणून ती वाट मी बाजूला ठेवतो. तुमच्याकडे कोणते यंत्र आहे यानेही फरक पडतो, परंतु वाटतो तितका नाही, कारण मी सुचवणार आहे तो गेम दहा वर्षे जुन्या लॅपटॉपवरही चालतो. खरा फरक मिळणारा तास सलग आहे की तुटक, याने पडतो. मूल मध्येच उठत असेल, तर ऑनलाइन स्पर्धेचे गेम तूर्त सोडून द्यावेत. गल्लीतल्या खेळात 'टाइम प्लीज' म्हणता येते, तिथे म्हणता येत नाही.

पहिल्या लेखासाठी जुना, छोटा आणि एके काळी तुमच्या हातात बसलेला गेम घ्यावा. तुमच्या वयाच्या अंदाजाने मी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सुचवतो. जॉर्डन मेकनर यांचा हा गेम १९८९ साली ॲपल टू संगणकावर आला आणि १९९० साली डॉस या तेव्हाच्या संगणकप्रणालीवर. आपल्याकडच्या शाळांच्या नि क्लासेसच्या संगणकांवर तो कुठून येऊन बसला होता हे कुणी विचारले नाही, पण चाळिशीच्या आसपासच्या पुष्कळांची बोटे त्यावर तयार झाली आहेत. डॉसचे जुने गेम चालवणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रॅममध्ये तो आजही व्यवस्थित चालतो. संपूर्ण गेम घेऊ नका. पहिली पातळी घ्या, आणि तीही तलवार सापडेपर्यंतच.

तेवढ्यात काय पाहायचे, हे एकदा करून दाखवतो. राजपुत्र कोठडीत येतो तेव्हा त्याच्या हातात शस्त्र नसते. बाहेर पडण्याच्या वाटेवर तलवारधारी पहारेकरी उभा असतो आणि निःशस्त्र राजपुत्राला तो एकाच वारात संपवतो. तलवार तळघरात आडबाजूला पडलेली असते आणि ती शोधायला जा, असे कुणी सांगत नाही. आता धावून पाहा. दिशा बदलली की राजपुत्र जागच्या जागी वळत नाही, तो पाय घासत थांबतो आणि मग वळतो. उडी मारली की हवेत त्याला वळवता येत नाही. १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये मारिओला उडी मारल्यावरही मागेपुढे सरकवता येते, बटण जितके दाबून धरावे तितकी उडी उंच जाते, म्हणजे उडीचा निर्णय हवेतही चालू राहतो. राजपुत्राचा निर्णय कडेवरच संपतो. याचे कारण त्याच्या हालचालींच्या जन्मात आहे. मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावताना आणि उड्या मारताना चित्रित करून, त्या चित्रफितीवरून एकेक चौकट रेखाटून घेतली होती. खऱ्या माणसाला थांबायला जेवढा वेळ लागतो, तेवढा राजपुत्रालाही लागतो.

इथपर्यंतचे कुणीही सांगेल. पुढचा प्रश्न तुमचा असायला हवा: या जडपणाचा खेळणाऱ्यावर काय परिणाम होतो? मला जाणवलेला परिणाम असा. या गेममध्ये शिफ्ट दाबून सावकाश पाऊल टाकता येते, आणि तसे पाऊल टाकले की जमिनीतून उसळणाऱ्या भाल्यांतूनही राजपुत्र सुखरूप जातो. एक मजला उंचीवरून पडले तर काही होत नाही, दोन मजल्यांवरून पडले तर एक प्राण जातो आणि तीन मजल्यांवरून पडले तर सगळेच संपते. तेव्हा शहाणपण सावध चालण्यातच आहे, असे हे नियम शिकवतात. पण राजकन्येला वाचवायला अवघा एक तास आहे आणि मेल्यावर पातळी पुन्हा सुरू झाली, तरी गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. म्हणजे एक नियम म्हणतो हळू चाल आणि दुसरा म्हणतो पळ. दोन्ही एकाच वेळी कानाशी बोलत असतात, आणि पहिल्या पातळीतला तो विचित्र घोर या भांडणातून येतो. पहारेकऱ्याच्या भीतीचा त्यात वाटा फारच कमी आहे.

हा एक लेख झाला. त्यासाठी मला दोन रात्री लागल्या: एक खेळायला, एक लिहायला.

यातला क्रम लक्षात घ्यावा. आधी बोटांना काय जाणवले ते, मग त्यामागचा नियम, मग तो नियम दुसऱ्या कोणत्या नियमाला भिडतो ते. गेमच्या अभ्यासकांत याला भारदस्त नावे आहेत, ती तूर्त विसरलात तरी चालेल. शब्दांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, 'मेकॅनिक' हा शब्द मी मराठी लेखात कधीच वापरत नाही, कारण तो वाचताच डोळ्यांपुढे गॅरेज येते. 'नियम' हा शब्द पुरतो. आपल्याकडे खेळाची भाषा गरीब आहे असे समजून आपण उगाच इंग्रजीच्या दारात उभे राहतो. डाव, खेळी, बाद, राज्य, भिडू, रडीचा डाव हे शब्द विश्लेषणाच्या कामाला उत्तम येतात, आणि एका शब्दाने तर माझा एक आख्खा लेख उभा केला आहे.

तो शब्द म्हणजे कच्चा लिंबू. मोठ्या मुलांच्या खेळात धाकटे भावंड शिरले की त्याला खेळू देतात, पण बाद धरत नाहीत. २०१८ साली आलेल्या 'सेलेस्ट' या अतिशय कठीण गेममध्ये कच्चा लिंबू होण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला उघड आहे. मेनूमध्ये जाऊन गेमचा वेग कमी करता येतो किंवा मरण बंदच करता येते. दुसरा प्रकार खेळणाऱ्याला कळतही नाही. कडा संपून पाय हवेत गेल्यावरही क्षणभर उडी मारता येते. कार्टूनमधला कोयोटी कड्यापुढे धावत जातो आणि खाली पाहीपर्यंत पडत नाही, त्यावरून या सवलतीला 'कोयोटी टाइम' म्हणतात. गेमच्या कर्त्यांनी नायिकेच्या हालचालींचा मूळ कोड सर्वांसाठी खुला केला आहे आणि त्यात ही सवलत ०.१ सेकंद दिलेली दिसते. सेकंदाला साठ चौकटी धरल्या, तर सहा चौकटी. म्हणजे 'मी स्वतःच्या हिमतीवर शिखर गाठले' असे म्हणणारा प्रत्येक जण गुपचूप कच्चा लिंबू होता. उघड सवलत घेणाऱ्याला हिणवणारे पुष्कळ भेटतात, छुपी सवलत मात्र सर्वांनीच घेतलेली असते. 'कच्चा लिंबू' हा शब्द हाताशी नसता, तर या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्यात हे मला सुचले नसते.

यूट्यूबवर सगळे सांगून झाले आहे का, या शंकेचे उत्तर यातच आहे, पण थोडे अधिक बोलतो. काही जागांबाबत तुमची शंका खरी आहे. मारिओच्या पहिल्या पातळीवर आता लिहू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला शत्रू कुठून यावा, मशरूम नळाला आपटून खेळणाऱ्याकडेच का परत यावे, हे सारे खुद्द मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी मुलाखतीत समजावून सांगितले आहे आणि त्यानंतर शेकडो जणांनी तेच उगाळले आहे. परंतु २०२० साली आलेला 'राजी' घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तो केला आहे. त्यात भावाला शोधत निघालेली मुलगी असुरांशी लढत असते, आणि दुर्गा व विष्णू वरून तिची कथा सांगत आपसात बोलत असतात. प्रसंगांमधली कथा छायाबाहुल्यांसारख्या आकृतींनी सांगितली जाते. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्याने पाहिला आहे, किंवा नाटकातला सूत्रधार ज्याच्या परिचयाचा आहे, त्याला इथे विचारण्यासारखे बरेच आहे. वरून देव बोलत असताना खाली लढणाऱ्या मुलीची भीती आपल्याला तितकीच जाणवते का? निवेदकाला शेवट ठाऊक आहे हे कळल्यावर हातातल्या त्रिशुळाचे वजन कमी होते का? माझे उत्तर 'काही ठिकाणी होते' असे आहे. तुमचे वेगळे असू शकेल, आणि ते मला वाचायला आवडेल.

बसण्याची पद्धतही सांगतो. मी वीस मिनिटे खेळतो, दहा मिनिटे लिहितो आणि पुन्हा तीच वीस मिनिटे खेळतो. टिपण कागदावर घेतो, कारण फोन हातात घेतला की रात्र गेलीच. पडद्याचे चित्रण मात्र करून ठेवतो. संगणकावर 'ओबीएस स्टुडिओ' विनामूल्य मिळतो. निन्टेन्डोच्या स्विच या गेमयंत्रावर कॅप्चरचे बटण दाबून धरले, की चालत असलेल्या बहुतेक गेम्समध्ये मागचे तीस सेकंद साठवले जातात आणि एका परिच्छेदासाठी तीस सेकंद पुरतात. लिहिण्याआधी ते चित्रण एकदा संथ गतीने पाहावे. 'मी वेळेवर उडी मारली होती, गेमनेच रडीचा डाव खेळला' असे मी तीनदा तरी लिहिणार होतो. तीनही वेळा चित्रणात माझे बोट उशिरा पडलेले दिसले.

हाताला गंज चढल्याची लाज वाटून घेऊ नका. दोन-तीन संध्याकाळींत बोटे पुन्हा सरावतात, आणि एकदा सरावली की गेमने कुठे अडवले होते ते दिसेनासे होते. आज तुम्ही जिथे धडपडता, तिथे रचनाकाराने नवख्याला काय शिकवायचे ठरवले होते, हे तुम्हाला दिसते आहे. सरावलेल्या खेळाडूला ते परत पाहता येत नाही. म्हणून पहिल्या अर्ध्या तासाचे टिपण सर्वांत बारीक घ्यावे, मग ते कितीही बालिश वाटो.

जुन्या लेखांविषयी. चाळीसपैकी काही गेम्स आज उपलब्धच नसतील. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात विकत मिळत नव्हते. ब्राउझरमध्ये फ्लॅश या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या छोट्या गेम्सवर तुम्ही लिहिले असेल, तर २०२० अखेर फ्लॅशचा आधारच काढून घेतला गेला, आणि ते गेम आता हौशी मंडळींनी जपलेल्या संग्रहांत शोधावे लागतात. ऑनलाइन गेम्स तर नाव तेच ठेवून आतून पार बदललेले असतात. अशा ठिकाणी त्या वेळी खेळताना कसे वाटत होते, याची नोंद म्हणून तुमचा जुना लेखच उरतो. तो काढून टाकू नये.

चुका मात्र दुरुस्त कराव्यात, आणि त्या सापडतीलच. माझे उदाहरण सांगतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त चौथ्या पातळीवर राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि त्याची छाया वेगळी होऊन पळते. पुढे ती त्याच्या वाटणीचे औषध पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर फाटक बंद करते आणि बाराव्या पातळीवर तलवार उपसून समोर उभी राहते. तिला घाव घातला की आपलाच प्राण कमी होतो. तलवार म्यान करून तिच्यात मिसळून जावे लागते. 'नायकाच्या मनातला अंधार दाखवण्यासाठीच ही छाया योजली होती' असे मी मोठ्या ठसक्याने लिहिले होते. पुढे एका वाचकाने, मेकनर यांनीच सांगितलेली हकिगत मला कळवली. ॲपल टूच्या स्मृतीत वेगळा शत्रू रेखाटायला जागाच उरली नव्हती, म्हणून राजपुत्राचीच चित्रे थोडी सरकवून आणि रंग उलटून ती छाया घडवली गेली. १९७८ सालच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्येही शत्रू मरत जातात तसे उरलेले वेगाने सरकू लागतात, ते मुळात प्रोसेसरवरचा भार हलका झाल्यामुळे. त्या गेमचे कर्ते तोमोहिरो निशिकादो यांनी तो परिणाम पाहिला आणि तसाच राहू दिला.

तेव्हापासून 'असे का वाटते' आणि 'असे का केले' हे दोन प्रश्न मी वेगळ्या परिच्छेदांत ठेवतो. पहिल्याचे उत्तर माझ्या अनुभवातून देता येते. दुसऱ्याला पुरावा लागतो, आणि तो नसेल तर मी तो परिच्छेद लिहीत नाही. त्या जुन्या लेखातले वाक्य मी तसेच राहू दिले आहे आणि त्याखाली तारीख घालून दुरुस्ती लिहिली आहे. छायेत मिसळून जाण्याच्या क्षणाविषयी जे लिहिले होते, त्यातला एकही शब्द त्यामुळे बदलावा लागला नाही.